ऑनरोल, थर्ड पार्टी की स्वतःचं काम: एका फिक्स्चर डिझायनरचं प्रकरण

पुण्याजवळच्या मोशीत भाड्यानं राहणारा मेकॅनिकल डिझायनर. वय ३०, फिक्स्चर (मशीनवर काम होताना पार्ट घट्ट धरणारं साधन) डिझाइनमध्ये ७ वर्षं. बायकोला चौथा महिना लागलाय. वडील साताऱ्याजवळ गावी असतात, वय ६२, मधुमेह आहे. दीड वर्षात मोशी-चिखली पट्ट्यात वन बीएचके घ्यायचा बेत आहे. सध्याच्या कंपनीत पगारवाढ तीन वर्षं थांबलेली, नोटीस ६० दिवसांची. अशात एकाच महिन्यात त्याच्यापुढे तीन वाटा आल्या.

पहिली वाट म्हणजे भोसरी एमआयडीसीतल्या टूलिंग कंपनीत कायम नोकरी (ऑनरोल), सीटीसी (कंपनीला वर्षाला पडणारा एकूण खर्च) ९,६०,०००. दुसरी चाकणच्या एका मोठ्या वाहन कंपनीच्या डिझाइन विभागात, पण मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पगारपत्रकावर (थर्ड पार्टी). मुदत १२ महिने, सीटीसी ११,४०,०००. तिसरी वाट स्वतःची: ओळखीच्या तीन वर्कशॉपवाल्यांनी सांगितलंय की नोकरी सोड, डिझाइनचं काम तासाला ५०० नं आम्ही देतो.

हे प्रकरण नमुन्याचं आहे. या पट्ट्यात वारंवार दिसणारी परिस्थिती एका माणसाच्या रूपानं मांडली आहे आणि रकमा त्या बेतानं धरल्या आहेत. कराचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे, नव्या करप्रणालीचे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू होत असल्यानं कलमांचे क्रमांक बदलतात. खाली जुने, लोकांच्या तोंडी असलेले क्रमांकच ठेवले आहेत.

महिन्याला २६,००० चा फरक वर्षाला किती उरतो

मित्रांचा सल्ला एकच होता, चाकण घे. हातात येणारा पगार पाहिला तर सल्ला बरोबर वाटतो. म्हणून आधी दोन्ही ऑफर सुट्या करून पाहिल्या.

भोसरीच्या ऑफरमध्ये महिन्याचे ८०,००० दिसतात. मूळ पगार ४०,०००. सीटीसीतून कंपनीचा पीएफ ४,८००, ग्रॅच्युइटीची तरतूद १,९२४ (मूळ पगाराच्या ४.८१ टक्के), गटविम्याचा हप्ता १,००० आणि वर्षाअखेरच्या बोनसचे महिन्याकाठी ५,००० बाजूला निघतात. उरले ६७,२७६. त्यातून स्वतःचा पीएफ ४,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात ६२,२७६. प्रमाणित वजावट ७५,००० धरल्यावर करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या बरंच खाली राहतं, त्यामुळे आयकर शून्य.

चाकणच्या ऑफरमध्ये महिन्याचे ९५,०००. मूळ पगार ४७,५००, पण पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे १,८००. ग्रॅच्युइटी २,२८५, विमा ६००. स्वतःचा पीएफ आणि व्यवसाय कर वजा केला की हातात ८८,३१५. आयकर इथेही शून्यच.

फरक महिन्याला २६,०३९. आता यात तीन गोष्टी घालायच्या.

पहिली गोष्ट रिकाम्या महिन्यांची. एजन्सीच्या करारात दोन्ही बाजूंना ३० दिवसांची नोटीस आहे, पण आणखी एक ओळ आहे: ग्राहक कंपनीनं काम थांबवलं तर नेमणूक त्याच दिवशी संपेल. प्रोजेक्ट संपला की 'रिलीज' करतात, आणि पुढची नेमणूक मिळेपर्यंतचा पगार एजन्सी देत नाही. दोन वर्षांत तीन महिने रिकामे धरले (गाडीचं मॉडेल पुढं ढकललं गेलं तर हे सहज होतं) तर वर्षाला साडेदहा महिन्यांचाच पगार येतो. ८८,३१५ गुणिले साडेदहा म्हणजे ९,२७,३०८.

दुसरी गोष्ट पीएफची. भोसरीत दोन्ही बाजू मिळून महिन्याला ९,६०० जमा होतात, वर्षाला १,१५,२००. चाकणला ३,६००, म्हणजे साडेदहा महिन्यांचे ३७,८००. तिसरी गोष्ट भोसरीचा ६०,००० बोनस.

बेरीज अशी येते: भोसरी ७,४७,३१२ अधिक ६०,००० अधिक १,१५,२००, म्हणजे ९,२२,५१२. चाकण ९,६५,१०८. ग्रॅच्युइटी दोन्हीकडून बाहेर ठेवली आहे. महिन्याला २६,००० वाटणारा फरक वर्षाला ४२,५९६ वर आला. महिन्याला साधारण साडेतीन हजार.

या साडेतीन हजारांत विमा अजून धरलेला नाही. भोसरीचा गटविमा ५ लाखांचा आहे. त्यात नवरा, बायको, मूल आणि आईवडील येतात, प्रसूतीसाठी ६०,००० पर्यंत मिळतात. एजन्सीचा विमा ३ लाखांचा, फक्त नवरा-बायकोचा, प्रसूती वगळून. प्रसूती खाजगी रुग्णालयात होणार असेल तर तिथला सगळा खर्च खिशातून. वडिलांची स्वतंत्र पॉलिसी घ्यायची म्हटली तर आधीपासूनच्या आजारासाठी विमा कंपनी ३ वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. गटविम्यात बहुतेक वेळा ही अट पहिल्या दिवसापासून माफ असते. या कुटुंबापुरता हिशेब इथेच उलटतो. लग्न न झालेल्या, पंचविशीतल्या, आईवडील धडधाकट असलेल्या डिझायनरनं हाच हिशेब मांडला तर चाकण सरस ठरेल, आणि त्यानं तेच घ्यावं.

एजन्सीच्या करारातल्या दोन जागा

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. ठरावीक मुदतीवर नेमलेल्या कर्मचाऱ्याला ग्रॅच्युइटीसाठी आता पाच वर्षं थांबावं लागत नाही, सरकारनं एका वर्षाच्या सेवेची भाषा केली आहे. म्हणून करार ११ महिन्यांचा की १२ महिन्यांचा, याला पैशात किंमत आली. या ऑफरचं पत्र १२ महिन्यांचं होतं, पण सोबत आलेल्या मसुद्यात '११ महिने, परस्पर संमतीनं वाढवता येईल' असं छापलेलं होतं. भाडेकराराची सवय नोकरीच्या कागदात येते ती अशी. ११ महिन्यांनंतर काही दिवस तोडून नवा करार झाला तर ग्रॅच्युइटीवर वाद उभा राहतो आणि सेवेतला खंडही दिसतो. चाकणला जाणाऱ्यानं तारखा लिहून घ्याव्यात, महिने नव्हे.

दुसरी जागा अधिक नाजूक. एजन्सीनं फोनवर आणखी एक पर्याय सुचवला होता: 'कन्सल्टंट म्हणून या, महिन्याला १,०५,००० देऊ.' यात पीएफ नाही, विमा नाही, रजा नाही. कलम १९४जे खाली १० टक्के टीडीएस (आधीच कापला जाणारा कर) कापून ९४,५०० खात्यावर. कराच्या बाजूनं हे फार गोड दिसतं. वर्षाचे १२,६०,०००, अभियांत्रिकी आणि तांत्रिक सल्ल्याच्या व्यवसायाला लागू असलेल्या कलम ४४एडीए खाली निम्मे, म्हणजे ६,३०,००० उत्पन्न दाखवायचं, कर शून्य आणि कापलेले १,२६,००० रिटर्न भरल्यावर परत.

पण काम कसं आहे ते पाहा. ग्राहक कंपनीचं पंचिंग कार्ड, सकाळी साडेआठची वेळ, कंपनीचं कॉम्प्युटर, कंपनीचा टीम लीडर, रजेसाठी त्याचीच परवानगी. वेळ, जागा, साधनं आणि कामाची पद्धत समोरचा ठरवत असेल तर तो नोकरीचा करार असतो, कागदावर काहीही नाव असलं तरी. आयकर खात्यानं अशी रक्कम पगार ठरवली तर निम्मं उत्पन्न दाखवण्याची सवलत जाते. आणि रिटर्नमध्ये ६,३०,००० दाखवले की बँकही त्याच आकड्यावर गृहकर्जाचा विचार करते. कर वाचवायला कमी दाखवलेलं उत्पन्न कर्ज मागताना वाढवून सांगता येत नाही. हा पर्याय त्यानं नाकारावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तासाला ५०० मध्ये काय बसतं

तिसऱ्या वाटेवर त्याचं मन होतं. काम येतं, माणसं ओळखीची आहेत, स्वतःचं काहीतरी उभं राहील ही ओढ खरी आहे आणि तिला कमी लेखू नये. म्हणून इथे जास्त वेळ दिला.

वर्षातून ५२ रविवार गेले, सण, आजारपण आणि गावाकडची कामं मिळून २५ दिवस गेले. राहिले २८८. यातला प्रत्येक दिवस बिलात जात नाही. कोटेशन करणं, शॉपवर जाऊन पार्ट बघणं, ट्रायलला उभं राहणं, पैशासाठी फोन, स्वतःच्या चुकांची दुरुस्ती. नव्या माणसाचे १६२ दिवस बिलात गेले तर ते चांगलं वर्ष म्हणायचं. दिवसाचे ४,००० धरून ६,४८,०००. त्यातले ५ टक्के बुडीत धरले तर ६,१५,६००.

खर्च: सीएडी (संगणकावर डिझाइन काढायच्या) सॉफ्टवेअरचा अधिकृत परवाना १,५०,०००, वर्कस्टेशनची झीज ४०,०००, इंटरनेट-वीज-इन्व्हर्टर ३०,०००, पेट्रोल ३६,०००, सीए आणि व्यवसाय करासह नोंदण्या २०,०००. एकूण २,७६,०००. हातात ३,३९,६००, म्हणजे महिन्याला २८,३००. यातूनच विमा, यातूनच म्हातारपणाची तरतूद.

परवान्याचे दीड लाख वाचवायला क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरण्याचा सल्ला बाजारात सर्रास मिळतो. तो घेऊ नये. असं सॉफ्टवेअर इंटरनेटशी जोडलं गेलं की वापराची माहिती निर्मात्याकडे जाऊ शकते, आणि वकिलाची नोटीस आली की तडजोडीची रक्कम परवान्यापेक्षा मोठी पडते. शिवाय मोठ्या कंपनीचा पुरवठादार असलेला वर्कशॉपवाला अशा फाइली घ्यायलाच घाबरतो.

भोसरीच्या ९,६०,००० ची बरोबरी करायची तर उलटा हिशेब असा: त्यात खर्चाचे २,७६,००० मिळवले की १२,३६,०००. ५ टक्के बुडीत धरून बिलं १३,०१,००० ची व्हायला हवीत. १६२ दिवसांत भागलं तर दिवसाला ८,०३१. तासाला हजार रुपये. वर्कशॉपवाले देताहेत ५००.

आणि हे ५०० सुद्धा कागदावरचे. एक फिक्स्चर जवळून पाहू.

ॲल्युमिनिअमच्या गिअरबॉक्स हाउसिंगचं व्हीएमसीवरचं (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मशीनवरचं) हायड्रॉलिक फिक्स्चर. पार्ट खालच्या मशीन केलेल्या पृष्ठभागावर तीन पॅडवर बसतो, दोन डॉवेल होलमध्ये (पिनेसाठीची अचूक छिद्रं) एक गोल आणि एक डायमंड पिन जाते, म्हणजे सहाही हालचाली बांधल्या गेल्या. चार स्विंग क्लॅम्प. अंदाज ५६ तास, कोटेशन २८,०००. त्यात थ्रीडी, असेंब्ली, ३२ पार्ट ड्रॉइंग आणि बिल ऑफ मटेरियल. ड्रॉइंग दिली, बेस प्लेटचं मटेरियल आलं, आणि वाहन कंपनीकडून पार्टची पुढची रिव्हिजन (बदललेलं ड्रॉइंग) आली. दुसरं डॉवेल होल ३ मिलिमीटर सरकलं. ऐकायला छोटी गोष्ट. पण डायमंड पिन सरकली की बेस प्लेटचं होल सरकलं, शेजारचा सपोर्ट पिनला धडकायला लागला, तो हलवला तर क्लॅम्पचा हात टूल होल्डरच्या वाटेत आला, म्हणून क्लॅम्प फिरवला, तर तेलाचं पोर्ट दुसरीकडून काढावं लागलं. ३२ पैकी १४ ड्रॉइंग बदलली. २० तास. वर्कशॉपवाला म्हणतो, 'एवढं तर करून द्यायला लागतंच की!' २८,००० ला ७६ तास, म्हणजे तासाला ३६८.

कोटेशनमध्ये एक ओळ नसल्याची ही किंमत. ती ओळ अशी असावी: 'हे दर पार्ट ड्रॉइंग क्रमांक अमुक, रिव्हिजन अमुक यासाठी आहेत. थ्रीडी मंजूर झाल्यानंतर पार्टमध्ये बदल झाल्यास तासाप्रमाणे वेगळं बिल होईल.' थ्रीडीची मंजुरी ईमेलवर घ्यायची, तोंडी नाही. पैसे पीओसोबत (खरेदीची लेखी ऑर्डर) ४० टक्के, थ्रीडी मंजूर झाल्यावर ४०, ड्रॉइंग देताना २०. ट्रायल होईपर्यंत शेवटचा हप्ता अडकवू द्यायचा नाही, कारण ट्रायल कास्टिंगसाठी थांबते, मशीनसाठी थांबते, आणि या कशावरही डिझायनरचा ताबा नसतो. स्वतःची चूक असेल, समजा टूलला जागा कमी पडली, तर दुरुस्तीचं डिझाइन फुकट करून द्यावं. पण जबाबदारीची मर्यादा डिझाइनच्या बिलाइतकी, हे लिहिलेलं हवं. नाहीतर बेस प्लेटचं मटेरियल, मशीनिंग आणि मशीनचा बंद वेळ धरून डेबिट नोट (नुकसान बिलातून वळतं करण्याचा कागद) येते.

उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत आहे आणि पहिल्या बिलाआधी करावी. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की एमएसएमईडी कायदा, २००६ प्रमाणे ग्राहकाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. लेखी मुदत ठरली नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आयकराच्या कलम ४३बी(एच) मुळे मुदत उलटून ३१ मार्चपर्यंत थकलेली रक्कम ग्राहकाला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. व्याजापेक्षा या दुसऱ्या नियमानं जास्त पैसे सुटतात. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्राहकाच्या अकाउंटंटला उद्यम प्रमाणपत्रासह थकबाकीची यादी पाठवायची. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला हवा. जीएसटी २० लाखांच्या आत सक्तीचा नाही.

कर्ज आणि पेन्शन

ही वाट आत्ता निवडली तर घर पुढं जातं. व्यावसायिकाकडून बँका साधारण दोन ते तीन वर्षांची रिटर्न मागतात. दीड वर्षात ती जमणारच नाहीत. नोकरदाराला सॅलरी स्लिप, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि फॉर्म १६ वर काम भागतं. ६२,२७६ च्या निम्मा हप्ता धरला तर ३१,०००. ८.५ टक्के दरानं २० वर्षांना लाखामागे ८६८ रुपये पडतात, म्हणजे सुमारे ३५ लाखांचं कर्ज बसतं. एजन्सीच्या पगारपत्रकावर पगार जास्त दिसला तरी काही बँका कराराची उरलेली मुदत विचारतात. चाकणला जायचं ठरलं असतं तर ज्या बँकेकडून कर्ज घ्यायचं तिथे आधी हेच विचारायला सांगितलं असतं.

पेन्शनचा मुद्दा या वयात कुणाच्या डोक्यात येत नाही. पहिल्या नोकरीत त्याचा मूळ पगार ११,००० होता, त्यामुळे तो ईपीएसचा (पीएफसोबतची कर्मचारी पेन्शन योजना) सभासद झाला आणि अजून आहे. (सप्टेंबर २०१४ नंतर १५,००० पेक्षा जास्त मूळ पगारावर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेल्यांना ही योजना लागू नाही. आपली नोंद पासबुकात पाहून घ्यावी.) पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते, त्याची ७ झालीत. नोकरी बदलताना पीएफ काढून घेतला आणि पेन्शनचेही पैसे उचलले तर ही ७ वर्षं पुसली जातात. यूएएनवरून (पीएफचा कायमचा खाते क्रमांक) ट्रान्सफर करायचा, काढायचा नाही.

निर्णय, आणि पत्रात बदलून घेतलेल्या ओळी

भोसरीची कायम नोकरी, पण आलं तसं पत्र सही करून नाही.

पत्रात दोन वर्षांचा बॉण्ड होता, मध्येच सोडल्यास १,५०,०००. 'बॉण्ड कोर्टात टिकत नाही' असं सगळेच सांगतात. त्यावर विसंबू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात २ लाखांची अशी अट वैध ठरवली. टिकत नाही ती वेगळी अट: नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायचं नाही, ही. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २७ तिला आड येतं. बॉण्डबाबत मागणी साधी ठेवली: प्रत्यक्ष बाहेरचं प्रशिक्षण दिलं तरच, त्या खर्चाइतकाच, आणि दर महिन्याला त्या प्रमाणात कमी होत जाणारा. कंपनी १२ महिन्यांवर आणि ७५,००० वर आली, आणि दरमहा घट मान्य झाली.

नोटीस ९० दिवसांची होती, ती ६० करून घेतली. दोन्ही बाजूंना सारखी. आधी पत्रात कंपनीसाठी ३० आणि कर्मचाऱ्यासाठी ९० होते.

'कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय इतर कोणतंही काम करू नये' हे वाक्य काढायला कंपनी तयार नव्हती, आणि तसा आग्रहही धरायला नको होता. कंपनीच्या कॉम्प्युटरवर रात्री वर्कशॉपवाल्यांची फिक्स्चर काढणं हा नोकरी आणि नाव दोन्ही घालवायचा रस्ता आहे. रविवारी सीएडी शिकवण्याची लेखी परवानगी मात्र मागितली आणि मिळाली. कंपनीच्या कामाशी त्याची स्पर्धा नाही, आणि पुढं स्वतःचं काम काढायचं तर हाताखालची मुलं यातूनच मिळतील.

स्वतःच्या कामाचा विषय तीन वर्षांनी पुन्हा काढायचा ठरलं. तोवर पेन्शनची १० वर्षं भरतील, कर्ज मंजूर झालेलं असेल. तेव्हा तपासायच्या गोष्टी लिहून ठेवल्या आहेत: सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते वेगळ्या खात्यात, परवाना स्वतःच्या नावावर, निदान तीन ग्राहक, कुणाचंही काम एकूण बिलाच्या ४० टक्क्यांहून जास्त नाही, आणि तासाचा दर ८०० च्या खाली नाही, कारण मुरलेल्या माणसाचे बिलात जाणारे दिवस २०० पर्यंत जातात.

राहिली तारखांची जुळणी, आणि इथे हयगय परवडणारी नाही. जुन्या कंपनीचा गटविमा शेवटच्या कामाच्या दिवशी बंद होतो. नव्या कंपनीत नावं महिन्यातून एकदाच विमा कंपनीकडे जातात. बोलणी होऊन नोटीस संपते तेव्हा बायकोला सातवा महिना लागायला आलेला असेल, म्हणजे मधले वीस दिवस विम्याशिवाय जाऊ शकतात. म्हणून एचआरकडून ईमेलवर तीन वाक्यं मागून घेतली: संरक्षण रुजू झाल्याच्या तारखेपासून, प्रसूतीसाठीची ९ महिन्यांची प्रतीक्षा माफ, नवजात बाळ पहिल्या दिवसापासून समाविष्ट. सोबत पॉलिसीची प्रत, कारण एचआरची माहिती आणि पॉलिसीचा मजकूर यांत फरक निघू शकतो. त्या प्रतीत प्रसूतीची मर्यादा सिझेरियनसाठीच ६०,००० होती, नैसर्गिक प्रसूतीसाठी ४०,०००. उरलेल्या रकमेची सोय आत्तापासून करायला घेतली आहे, आणि पॉलिसीची प्रत रुग्णालयाच्या फाइलला लावून ठेवली आहे.